फलाट क्रमांक तीनवर शनी

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पूर्वेकडून येणारा, कुंभ राशीमार्गे पश्चिमेकडे जाणारा शनी फलाट क्रमांक तीनवर लागला आहे.”

आमच्या शेजारच्या अंगणातून रोज संध्याकाळी ही घोषणा होते. फलाट क्रमांक तीन म्हणजे विहिरीजवळचा माड. एक नंबर म्हणजे आमचा फणस, त्याच्यामागे शुक्र मावळतो. दोन नंबरवर पाण्याची टाकी आहे आणि तिथे काहीच लागत नाही. घोषणा करणारे गृहस्थ वसंत मयेकर. बसस्थानकावर बत्तीस वर्षं कंट्रोलर होते. लांजा, राजापूर, पूर्णगड ही नावं त्यांनी माइकवरून इतक्या वेळा उच्चारली आहेत की निवृत्तीनंतर त्यांचा आवाज रिकामा बसेना. मग त्यांनी ग्रह धरले.

मयेकरांच्या आणि आमच्या मधे कमरेएवढा चिऱ्याचा गडगा आहे. त्याच्या अलीकडे मी राहतो. मी शहरातल्या एका वाचनालयाचा कार्यवाह आहे आणि ‘ओळख आकाशाची’ या विषयावर वीस वर्षं व्याख्यानं देत आलो आहे. एकट्या शनीवर माझी अकरा व्याख्यानं झाली. शाल, श्रीफळ, ‘आमच्या गावचे चालतेबोलते तारांगण’ असा परिचय, सगळं झालं. मी शनी कधी पाहिलेला नव्हता, ही गोष्ट कुणी विचारली नाही म्हणून मीही सांगितली नाही.

अशा परिस्थितीत मागच्या नवरात्रात मयेकरांकडे एक लांबुळकं खोकं आलं. त्यातून निघाली तीन इंची दुर्बीण, अगदी शिकाऊ लोकांसाठी असते तसली. पायांचा स्टँड इतका नाजूक की जवळून मांजर गेलं तरी चंद्र थरथरायचा. मी गडग्यावर कोपर टेकून त्यांना समजावलं, “मयेकर, हे खेळणं आहे. ग्रह बघायला हवी सहा इंची तरी. त्यातून फोटो म्हणजे विसराच.”

“बघू ओ सर,” मयेकर म्हणाले. “रस्ता क्लिअर हाय, गाडी तर काढू.”

‘रस्ता क्लिअर हाय’ हा त्यांचा आवडता शब्दप्रयोग. आकाशात ढग नसले की रस्ता क्लिअर. ढग असले की ‘घाटात दरड’. चंद्र रोज पन्नास मिनिटं उशिरा उगवतो याचा त्यांना मनापासून राग. एक वही करून त्यात त्यांनी चंद्राच्या नावापुढे पंधरा दिवस लाल शेरा मारला आणि शेवटी लिहिलं, ‘सवयीचा लेटलतीफ’. गुरू म्हणजे मोठा अधिकारी, चार शिपाई बरोबर घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही. गुरूच्या चार उपग्रहांवर मी एकदा पन्नास मिनिटं बोललो होतो. त्यातलं एक वाक्यही आमच्या घरात कुणाला आठवत नाही. ‘चार शिपाई’ मात्र आमच्या हिने दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याला सांगितलं.

स्टँड हलू नये म्हणून मयेकरांनी त्याला मधोमध सुतळीने वरवंटा टांगला. मला हसू आलं. नंतर घरी येऊन मी पुस्तक उघडलं तर स्टँडला वजन टांगावं, असाच सल्ला त्यात होता. पुस्तक माझ्याकडे अठरा वर्षं होतं. वरवंटा त्यांच्याकडे होता.

फोटो काढायची त्यांची पद्धत मी सांगतो, कारण मला ती आता पाठ आहे. दिवेलागणीच्या आधी अर्धा तास दुर्बीण बाहेर काढून ठेवायची, म्हणजे नळीतली आणि बाहेरची हवा एकसारखी होते. “शेडमधून काढली का लगेच पळवायची नसते,” असं ते म्हणत. मग लांबच्या मोबाइल टॉवरच्या लाल दिव्यावर नजर स्पष्ट करून घ्यायची. जिथे डोळा लावतो तिथे चिमट्यात मोबाइल बसवायचा. उजेड कमी करत न्यायचा, नाहीतर शनी म्हणजे नुसता पांढरा साबुदाणा दिसतो. आणि मग फोटो काढायचाच नाही, एक मिनिटाचा व्हिडिओ घ्यायचा. त्यात अठराशे चित्रं असतात. हवा सतत हलत असल्यामुळे त्यातली बरीचशी फुकट जातात. उरलेली चांगली तेवढी कॉम्प्युटर निवडतो आणि एकावर एक बसवतो.

“गणपतीत गाडीत माणसं बसवायचो ना, तसंच,” मयेकर म्हणाले. “फक्त इथं खिडकीसाठी भांडण नाय.”

हे सगळं ते मोबाइलवर इंग्रजी व्हिडिओ बघून शिकले. इंग्रजी त्यांना फारसं येत नाही. “बोलतात काय त्याच्याकडे मी बघतच नाय. हात बघतो,” ते म्हणाले. मी आयुष्यभर नेमकं उलटं केलं आहे.

आठव्या दिवशी त्यांच्याकडे गुरू आला, दोन पट्ट्यांसकट. फोटो शेवग्याच्या बीएवढा होता, पण पट्टे होते. आळीत बातमी पसरली. लोक मला रस्त्यात थांबवून विचारू लागले, “सर, मयेकरांचा गुरू बघितलात काय?” वीस वर्षं ज्याच्याविषयी मी बोललो तो गुरू आता मयेकरांचा झाला होता.

मी कुणाला न सांगता पाच इंची दुर्बीण मागवली.

“कशाला?” हिने विचारलं.

“अभ्यासासाठी.”

“मयेकर भावोजींची तीन इंची आहे, म्हणून पाच का?”

मी पावती घडी करून खिशात टाकली.

माझी दुर्बीण दिसायला भारदस्त होती. अंगणात ती उभी राहिली की वाटेवरून जाणारे दबकत. अडचण एकच होती, तिच्यातून काही दिसत नसे. म्हणजे ग्रह सापडे, पण धरून ठेवता येत नसे. पृथ्वी फिरते, त्यामुळे ग्रह मिनिटभरात कडेला सरकतो आणि त्याला हलक्या हाताने परत मधे आणावं लागतं. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. ग्रह डावीकडे पळतोय असं दिसलं की मी नळी डावीकडे ढकलत असे आणि तो आणखी वेगाने नाहीसा होई. हे उलटं का दिसतं याची आकृती मी फळ्यावर कितीतरी वेळा काढली आहे. हाताला आकृती कळत नाही.

गडग्यापलीकडे मयेकर बोटाच्या टोकाने नळीला स्पर्श करत पुटपुटत असत, “येऊ दे… येऊ दे… जरा डाव्या अंगाला… येऊ दे… बस्स!” आणि शनी मधोमध. बत्तीस वर्षं ते स्थानकाच्या आवारात मागे येणाऱ्या गाड्या लावत होते. ड्रायव्हर आरशात बघतो, आपण त्याच्याकडे तोंड करून उभे, त्याचं डावं ते आपलं उजवं. उलट्या जगात राहायची त्यांना पगारी सवय होती. माझी अकरा व्याख्यानं त्या एका ‘येऊ दे’पुढे उताणी पडली. मला त्यांचा भयंकर हेवा वाटला.

त्यातच आमच्या वाचनालयाचा वर्धापनदिन आला. अध्यक्षांनी सुचवलं की दर्शनी भिंतीवर रत्नागिरीतून टिपलेला शनीचा फोटो लावावा, कडीसकट, खाली फोटो काढणाऱ्याचं नाव. माझ्याकडे बघून ते म्हणाले, “सर, हे तुमच्याशिवाय कोण करणार?” मग स्वतःच म्हणाले, “नाहीतर ते कोण, कंट्रोलर आहेत ना?”

वेळ थोडा होता. शनीची कडी दर वर्षी आपल्याला सारखी दिसत नाही. कधी रुंद, कधी तिरकी. यंदा ती चपटी होत चालली होती, नुसती ग्रहात आरपार खोचलेली सुई, आणि काही महिन्यांत काही काळ दिसेनाशीच होणार होती. वर्धापनदिनाच्या आत ज्याला कडी मिळेल त्याचं नाव भिंतीवर. मी मयेकरांना हे सांगितलं. खरं म्हणजे सांगायचं नव्हतं, पण अध्यक्ष सांगणारच होते.

“सर, तुम्हीच काढा,” मयेकर म्हणाले. “नाव तुमचं शोभंल.”

असं बोलणाऱ्या माणसावर लक्ष ठेवावं लागतं.

म्हणून मी रोज संध्याकाळी त्यांच्या अंगणात जाऊ लागलो. दुर्बीण आमच्या अंगणात उभी आणि मी त्यांच्या. कारण द्यायचो मार्गदर्शनाचं. मयेकर एकटेच होते. वहिनी वर्षभर विरारला, नातवाला सांभाळायला. मी गेलो की ते पडवीतून खुर्ची आणत, तिच्यावर टॉवेल झटकत, मला लिंबाचं सरबत देत आणि व्हिडिओ घ्यायला लागत. घेऊन झाला की मोबाइल माझ्यापुढे धरत. शनी हललेला. रोज हललेला. कडी म्हणजे नुसता पुसट फराटा.

“हलला ओ,” मयेकर हळहळत.

“हललाच,” मी हळहळत असे, आणि बऱ्यापैकी आनंदाने घरी येत असे.

मग गप्पा होत. गाडीत बोकड चढवून त्याचं अर्धं तिकीट मागणाऱ्या माणसाची गोष्ट मी तेव्हा ऐकली. बुरोंडीच्या एका मावशीची ऐकली, जी माशांची टोपली त्यांच्या टेबलाखाली ठेवून बाजारात गेली आणि परत आली तेव्हा सगळं कार्यालय रजेवर होतं. एकदा ते म्हणाले, “बत्तीस वर्षं खिडकीत मुंडी घालून माणसं विचारायची, गाडी कधी येणार, गाडी कधी येणार. जाम वैताग यायचा. आता अख्खा दिवस जातो, कुणी काय विचारीत नाय.” मी तेव्हा शनी किती हलला आहे ते निरखून बघत होतो.

वर्धापनदिन रविवारी होता. शुक्रवारी आकाश स्वच्छ धुतल्यासारखं होतं आणि झावळीसुद्धा हलत नव्हती. मला धडकी भरली. आज मयेकरांना कडी मिळणार.

ते खाली वाकून नळी सरळ करत होते. म्हणाले, “सर, जरा मोबाइल बघा, रेकॉर्डिंग चालू झालं काय?”

मी वाकलो आणि माझं बोट कोपऱ्यातल्या लहान चित्राला लागलं. आधी काढलेले फोटो उघडले. दुसऱ्याच्या मोबाइलमधले फोटो बघू नयेत एवढी सभ्यता माझ्याकडे आहे. पण ते शनीचे होते. मी बोटाने मागे सरकवत गेलो. हललेला, हललेला, हललेला. आणि मग एक फोटो आला.

काळ्याभोर पडद्यावर पिवळसर मण्यासारखा शनी, आणि दोन्ही बाजूंना आरपार गेलेली रेखीव, सरळ कडी. कडीची बारीक सावलीसुद्धा ग्रहावर पडलेली. पुस्तकात छापावा असा. वर तारीख होती, दिवाळीच्या पाडव्याची.

पाडव्याला वहिनी यायच्या होत्या. नातवाला ताप आला म्हणून राहिल्या. हिने मला ओवाळलं आणि मी कपाळावरच्या कुंकवासकट गडगा ओलांडून मयेकरांचा शनी कुठवर आलाय ते बघायला गेलो होतो. त्या दिवशी जाता जाता मी काय बोललो तेही मला आठवलं. मी म्हणालो होतो, “मयेकर, एकदा तुमची कडी मिळाली की मी सुटलो बघा. मग काही रोज येणं व्हायचं नाही.”

त्याला साडेतीन आठवडे झाले होते.

मी फोटो बंद केला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. “झालं चालू,” मी म्हणालो. मयेकर हात मागे घेऊन उभे राहिले. मी प्रथमच शनीकडे न बघता त्यांच्याकडे बघितलं. ते गंभीर चेहऱ्याने आकाशाकडे बघत होते, आणि त्यांच्या उजव्या पायाची करंगळी चपलेतून बाहेर येऊन स्टँडच्या पायाला हलकेच टकटक करत होती.

मिनिट संपलं. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. “बघा बरं सर. आज तरी?”

मी चष्मा पुसला आणि बराच वेळ बघितल्यासारखं केलं.

“हलला,” मी म्हणालो.

“हलला काय?”

“चांगलाच हलला. अजून बरेच दिवस लागतील असं दिसतंय.”

मयेकरांनी करंगळी परत चपलेत घेतली. मग म्हणाले, “वाराच तसला हाय ओ.” वारा अजिबात नव्हता.

रविवारी मी वाचनालयात सांगितलं की फोटो जमला नाही. भिंतीवर अध्यक्षांचा, स्वतःच्याच हस्ते दिवा लावतानाचा फोटो लागला. मी हे मयेकरांसाठी केलं की त्या भिंतीवर त्यांचं नाव लागू नये म्हणून केलं, असं सगळं ऐकल्यावर हिने मला विचारलं. मी अजून विचार करतो आहे. तो फोटो माझा असता तर मी तो लपवला नसता, एवढं नक्की सांगू शकतो. लोकांना दाखवता दाखवता माझी संध्याकाळ गेली असती, आणि त्यांच्याकडे जायला मला वेळच झाला नसता.

त्या रविवारी समारंभाचं पेढ्यांचं पुडकं घेऊन मी परस्पर त्यांच्याकडे गेलो. ते पडवीत दुर्बीण पुसत होते. मी पडवीत मुंडी घालून विचारलं,

“कंट्रोलर, शनी कधी येणार?”