रिकामी भांडी, नग त्रेसष्ट

"जगात माणसं दोनच प्रकारची. एक, ज्यांना आपल्या मालाची यादी तोंडपाठ असते. आणि दुसरी, ज्यांचा माल नाक्यावर अडकतो," असं वाल्मीकरावांनी पॅकिंगवाल्यांना बजावलं. त्यानंतर बरोबर सात आठवड्यांनी, त्यांनी स्वतः यादी केलेला माल मेलबर्नच्या गोदामात अडकला.

माल त्यांच्या लेकीचा होता. भाग्यश्री आणि जावई राज नोकरीसाठी आधी विमानानं पुढे गेले. पाथर्डी फाट्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमधला संसार मागून बोटीनं पाठवायचा होता. हे काम वाल्मीकरावांनी मागून घेतलं. त्यांची तीस वर्षं जकात नाक्यावर गेली होती. टेम्पो खड्ड्यातून गेल्याचा आवाज ऐकून आत कांदा आहे की कपबशा, हे ते सांगत. जकात पुढे बंद झाली. आपण निवृत्त झाल्यामुळेच ती बंद करावी लागली, असं त्यांचं मत होतं.

एक्केचाळीस खोकी झाली. ऑस्ट्रेलियाच्या कस्टमला धान्य, बी, माती यांचा लय राग, हे राजनं फोनवर तीनदा सांगितलं होतं. त्यामुळे वाल्मीकरावांनी प्रत्येक भांडं स्वतः धुऊन, पुसून, उन्हात ठेवून यादीत लिहिलं : 'स्टीलची भांडी, रिकामी, स्वच्छ, नग त्रेसष्ट.' मग ते दुपारचे पडले. खोक्यांना चिकटपट्टी लावेपर्यंत भांड्यांपाशी फक्त त्यांच्या पत्नी रंगूबाई होत्या.

तिकडून पत्र आलं : खोकं क्रमांक नऊमधल्या कळशीत गहू सापडले आहेत. खुलासा करावा.

"चुकून पडले असतील चार दाणे," वाल्मीकराव फोनवर म्हणाले. "मी लिहून देतो खुलासा. राज, तू फक्त इंग्रजी कर."

खुलासा दोन पानी झाला. त्यात 'अनवधानाने' हा शब्द सहा वेळा होता.

चार दिवसांनी उत्तर आलं. कस्टमनं आणखी पाच भांडी उघडली होती. पाचही भांड्यांत धान्य होतं, आणि प्रत्येकात जवळपास सारखंच. अनवधान इतकं मोजूनमापून होत नसतं, असं त्यांना नम्रपणे वाटत होतं. दहा दिवसांत कशात काय आणि किती, याची ग्रॅममध्ये यादी द्यावी. ती जुळली तर माल सुटेल. नाही जुळली तर एक्केचाळीसही खोकी नष्ट करण्यात येतील.

"नाना," भाग्यश्री फोनवर शांतपणे म्हणाली, "दोन महिने झाले, मी एकाच पातेल्यात आधी चहा, मग भात, मग वरण करतेय. जमिनीवर झोपतोय. लग्नापासूनचं सगळं त्या खोक्यांत आहे. ते जाळलं तर पुन्हा उभं करायला मला दहा वर्षं लागतील."

वाल्मीकरावांनी फोन ठेवला आणि तीस वर्षांत ट्रक ड्रायव्हरांकडे जसं पाहिलं तसं बायकोकडे पाहिलं.

"कळशीत गहू कुणी घातले?"

"मी," रंगूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या.

"का?"

"मंग काय लेकीच्या घरी रिकामी कळशी धाडायची? आमच्या सायखेड्यात कुनी ताकाचा तांब्या बी रिकामा परत देत नाय. साखर तरी घालत्यात चिमूटभर."

"मी यादीत 'रिकामी' लिहिलं होतं."

"तुमी लिहिलं. मला कुठं विचारलं?"

वाल्मीकरावांनी वही घेतली. "किती भांड्यांत घातलंस?"

"जेवढी हायेत तेवढ्यात. एकाला द्यायचं अन् दुसऱ्याला नाय, असं बरं दिसतं का?"

चौकशी सुरू झाली. रंगूबाईंना सगळं आठवत होतं. स्टीलच्या डब्यात तांदूळ, मूठभर. चहाच्या किटलीत साखर, चिमूटभर. मोठ्या पातेल्यात गहू, पसाभर. मिक्सरच्या भांड्यात शेंगदाणे, कारण ते नाहीतरी त्यातच जाणार. वाल्मीकराव लिहीत गेले. त्रेसष्टाव्या नगाला त्यांनी वही मिटली.

"अजून हाय," रंगूबाई म्हणाल्या. "हेल्मेट."

"हेल्मेट हे भांडं आहे?"

"उलटं ठेवलं व्हतं. उलटं ठेवल्यावर त्याच्यात अन् पातेल्यात काय फरक राहिला? मूठभर मूग."

"आणखी?"

"कपडे धुवायच्या मशीनमंदी ज्वारी. ते लय मोठं हाय म्हनून दोन पसे."

आता प्रश्न ग्रॅमचा होता. चिमूट, मूठ आणि पसा ही मापं ऑस्ट्रेलियात चालत नाहीत. वाल्मीकराव बायकोला आणि सहा पिशव्या धान्याला घेऊन सराफ बाजारात ओळखीच्या सोनाराकडे गेले. रंगूबाईंनी काट्यावर साखरेची चिमूट टाकली : दोन ग्रॅम. दुसऱ्यांदा टाकली : दोन ग्रॅम. तिसऱ्यांदाही दोनच. तांदळाची मूठ चारही वेळा बेचाळीस भरली.

सोनार म्हणाला, "मावशी, आमचा काटा दुरुस्तीला गेला की तुम्हाला बोलावतो."

यादी गेली. तपासणीचा दिवस ठरला. राज आणि भाग्यश्रीला गोदामात हजर राहायची परवानगी मिळाली, आणि राजनं फोन एका खोक्याला टेकवून चालू ठेवला. तिकडचे साडेअकरा, म्हणजे इकडचे सकाळचे सात. वाल्मीकराव आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसले. शेजारी रंगूबाई.

कस्टमची अधिकारी एक उंच बाई होती. ती एकेक भांडं उघडायची, आतलं धान्य तोलायची आणि यादीवर खूण करायची. कळशी जुळली. किटली जुळली. हेल्मेटपाशी ती क्षणभर थांबली, यादी पुन्हा वाचली आणि खूण केली. दोन तासांत चाळीस खोकी झाली.

"नाना, ती म्हणतेय की अठरा वर्षांत इतकी अचूक यादी तिनं पाहिली नाही," राज म्हणाला.

"नाक्यावरचं शिक्षण आहे," वाल्मीकराव म्हणाले. रंगूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

एक्केचाळिसाव्या खोक्यात गाद्या, चादरी आणि उशा होत्या. बाईनं एक उशी दाबली. पुन्हा दाबली. कात्री मागवली, शिवण उसवली, आणि आतल्या कापसातून एक प्लास्टिकची पिशवी बाहेर काढली. काळ्या मनुका. यादीत मनुका नव्हत्या.

राज हळूच म्हणाला, "ती विचारतेय, हे कुणाचं? आत्ता खरं सांगितलं तर यादीत घालता येईल म्हणते. नाहीतर सगळा माल जाईल."

"आई, तू?" मागून भाग्यश्रीचा आवाज आला.

"मी उशीत कशाला घालू? उशी काय भांडं हाय?" रंगूबाई म्हणाल्या.

वाल्मीकरावांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"नग एक," ते म्हणाले. "काळ्या मनुका, अर्धा किलो. भागीला लहानपणापासून आवडतात. उशी कुणी उसवत नाही. नाक्यावर आम्ही कधीच उसवायचो नाही."

राजनं भाषांतर केलं. बाईनं मनुका लाल डब्यात टाकल्या, यादीच्या तळाशी एक ओळ वाढवली आणि राजची सही घेतली. मग तिनं दोनदा ठप्पकन शिक्का मारला. धान्य काढून घेऊन माल उद्या घरी पोचणार होता. भाग्यश्री रडत होती की हसत होती, ते फोनवर कळलं नाही. वाल्मीकराव ताठ बसून समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले.

"ती विचारतेय, तुम्हाला काही सांगायचंय का?" राजनं विचारलं.

रंगूबाई फोनजवळ सरकल्या.

"त्या बाईला म्हना, उशी उसवलीच हाय, तर दोन टाके घालून द्या."