घेणारं माणूस

निंबोरी गावात माणसाचं उतरलेलं वजन नाहीसं होत नाही. ते घरातल्या दुसऱ्या माणसाच्या अंगावर जातं. घरात दुसरं कुणी नसेल तर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याकडे जातं आणि त्यावरून भांडणं होतात. म्हणून तिथे कुणी वजन उतरवायचं ठरवलं की आधी घेणारं माणूस ठरवतात. नगरपालिकेत त्यासाठी वजन विभाग आहे, पाणीपट्टीच्या खिडकीला लागून. देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं महिन्यातून एकदा तिथल्या काट्यावर उभं राहायचं. दोघांची बेरीज जुळली की झालं.

संज्योत वाघुळदे तेवीस वर्षांची होती आणि भूमापन खात्यात नव्यानं लागली होती. तिपाई खांद्यावर घेऊन वावरं तुडवायची, बांधाच्या खुणा शोधायच्या, एकाची फूटभर जमीन कमी भरली तर ती शेजारच्या वावरात कुठे निघते ते बघायचं, हे तिचं काम. एका सकाळी हरभऱ्याच्या शेतात तिला असा दम लागला की ती बांधावरच बसली. ज्या दोन भावांचं भांडण मिटवायला ती गेली होती, त्यांनीच तिला धरून सावलीत नेलं. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टर राणे मॅडमकडे गेली.

राणे मॅडमनी रक्ताचा रिपोर्ट बघितला. "साखर काठावर आली आहे. पाळीचं तंत्र बिघडलंय तेही त्यामुळेच. आठ-नऊ किलो उतरायला हवेत. घाई नाही, पण उतरायला हवेत. घरात घेणारं कोण आहे?"

"आईच आहे फक्त."

मॅडमचा चेहरा खुलला. संज्योतची आई, प्रमिलाताई, त्यांच्या जुन्या पेशंट. अंगावर मांस म्हणून नाही, दर उन्हाळ्यात चक्कर येऊन पडायच्या. "मग तर फारच बरं. तुझ्या औषधात तिचं औषध. फक्त एक ध्यानात ठेव, उपाशी राहायचं नाही. उपाशी राहून उतरवलेलं वजन घेणाऱ्याला पचत नाही, नुसती ओकारी होते. सकाळी नीट खायचं. दुपारी भाकरी, पालेभाजी, एखादी उसळ, काकडी. फरसाण, बेकरीचं आणि ते ऑफिसातले गोड चहा बंद. संध्याकाळी पाटापर्यंत चालायचं. पोटभर खाऊन आणि चालून उतरलेलं वजनच दुसऱ्याच्या अंगी लागतं."

आईला हे सांगितलं तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली आणि मूग भिजत घालायला उठली. ती मुळात कमी बोलणारी बाई होती. संज्योत मात्र खुशीत नव्हती, आणि त्याला कारण होतं.

निंबोरीत सगळ्यांना माहीत आहे की वजन एकटं येत नाही. ते ज्या दिवसांत अंगावर चढलेलं असतं, ते दिवस घेऊन येतं. ते दिवस मग घेणाऱ्याला आठवतात आणि देणाऱ्याच्या आठवणीतून निघून जातात. चौधरींच्या घरातल्या म्हाताऱ्या सासऱ्यांनी सुनेचं लग्नातलं दीड किलो घेतलं, तेव्हा ते आठवडाभर मेंदी वाळायची आहे असे दोन्ही हात पुढे धरून ओट्यावर बसत होते. कुणी हसलं नाही. घेतलं म्हणजे घेतलं. आणि दुसरी गोष्ट, शेवटी चढलेलं आधी उतरतं. संज्योतनं मनाशी हिशेब केला. वरचे दोन-अडीच किलो ऑफिसचे होते, त्यांचं काही नाही. त्याच्याखाली नाशिकचं होस्टेल होतं.

पहिला महिना सुरळीत गेला. आईच्या गालांवर थोडं मांस दिसायला लागलं. एका दुपारी ती शेजारणीशी बोलताबोलता मध्येच म्हणाली, "मोजणीला तारीख मिळत नाही म्हणजे काय? अर्ज तर करा," आणि स्वतःच गोंधळली. वजन विभागातले भिरूडसाहेब, चष्मा कपाळावर ठेवून काटा वाचणारे शांत गृहस्थ, त्यांनी बेरीज केली आणि मान डोलावली. "ग्रॅमचाही फरक नाही. चालू द्या."

दुसऱ्या महिन्यात संज्योतनं चालणं बंद केलं. पाटाकडे जाते म्हणून निघायची आणि कोपऱ्यावरच्या डेअरीत पेढे खाऊन परत यायची. काटा जिथल्या तिथे राहिला.

"अडलंय," भिरूडसाहेब म्हणाले. "असं होतं. घेणाऱ्याची तयारी नसते किंवा देणाऱ्याची. कुणाची नाही?"

दोघी काट्यावरून उतरल्या. बाहेर आल्यावर आईनं चपला घालता घालता विचारलं, "काय आहे त्यात?"

"कशात?"

"जे तू देत नाहीयेस त्यात."

"काही नाही."

"मग चल उद्यापासून. मीही येते पाटापर्यंत."

आई बरोबर असल्यावर डेअरीकडे वळता येईना. दोघी रोज पाटाच्या कडेनं चालू लागल्या, पुढे आई, मागे संज्योत. पंधरवड्यानं, एका रविवारी दुपारी, संज्योत कपडे वाळत घालून घरात आली तर आई दाराच्या मागे उभी होती. तिच्या हातात बिस्किटांचा पुडा होता. ती भिंतीकडे तोंड करून, आवाज होऊ न देता, एकामागून एक बिस्किटं तोंडात कोंबत होती. चावतही नव्हती नीट. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

संज्योतनं पुडा काढून घेतला आणि आईला खाटेवर बसवलं.

आई म्हणाली, "तू फोनवर सांगायचीस, मेस फार छान आहे."

"हो."

"मैत्रिणी आहेत म्हणायचीस. तीन नावंही सांगितली होतीस."

"हो."

"त्या खोलीत तुझ्याशी कुणीच बोलत नव्हतं ग."

त्या खोलीचं संज्योतला आता धड आठवतही नव्हतं. नुसतं एक दार आठवत होतं, आणि ते कोणत्या रंगाचं होतं तेही नक्की नव्हतं. ज्या गोष्टीची तिनं इतकी वर्षं लाज धरली होती, ती आता समोर खाटेवर बसून पदरानं नाक पुसत होती.

"सांगायचं होतंस," आई म्हणाली.

"तू आली असतीस."

"आलेच असते."

"म्हणूनच."

आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग पुड्यातलं उरलेलं एक बिस्किट मोडलं, अर्धं तिला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं, सावकाश, चावून. त्यानंतरचं होस्टेल भरभर उतरलं. आईला ते जड गेलं, पण तिनं तक्रार केली नाही. संध्याकाळ झाली की म्हणायची, "मला जरा एकटं एकटं वाटतंय, बस इथे," आणि संज्योत जवळ बसायची.

थंडी पडायला लागली तेव्हा राणे मॅडमनी पुन्हा रक्त तपासलं. साखर जागेवर आली होती, पाळी आली होती. तिपाई घेऊन टेकडी चढताना संज्योत आता थांबत नसे. "आणखी दोन-तीन किलो गेले तर उत्तमच," मॅडम म्हणाल्या, "पण माझी चिंता मिटली."

त्याच आठवड्यात आई हसली.

ती ओट्याशी वांगी धूत होती. काही कारण नसताना ती मोठ्यानं, मान मागे टाकून हसली. संज्योतनं असं हसू या घरात कधी ऐकलं नव्हतं. ती धावत आली.

आई हातातल्या वांग्याकडे बघत होती. "हे तुझं नाही," ती म्हणाली.

"काय?"

"आज जे आलं ते. हे माझंच आहे." तिनं वांगं खाली ठेवलं. "तुझे पप्पा गेले त्या साली माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. मी वाळत गेले आणि तू भरत गेलीस. लोक म्हणायचे, बाप गेला आणि पोरगी कशी सुटली बघा. घरात दुसरं होतंच कोण? माझं सगळं तुझ्याकडे गेलं. तू बारा वर्षांची होतीस."

संज्योत खाली बसली. तिला पहिल्यांदा कळलं की आई पप्पांबद्दल कधी काही का बोलली नाही. ती समजत होती दुःखामुळे. पण आईजवळ बोलायला काही उरलंच नव्हतं. लग्नानंतर अंगावर चढलेले सगळे सुखाचे दिवस एका वर्षात उतरले होते, आणि संज्योत त्यांच्यासकट शाळेत गेली होती, शिकली होती, नोकरीला लागली होती.

आणि मग तिला भीती वाटली. पप्पांचं बाकी सगळं पुसट झालं होतं, एकच आठवण तिच्याजवळ लखलखीत होती. थंडीच्या दिवसांत शेतात भरिताची पार्टी. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतायत, धूर डोळ्यांत जातोय, पप्पा उकिडवे बसून गरम वांग्याची सालं काढतायत, बोटं फुंकतायत, मग पुरीत भरिताचा घास धरून तिच्यापुढे करतायत आणि हसतायत. त्या आठवणीत मांडीवर ठेवलेल्या हातांत हिरव्या बांगड्या होत्या. आपल्या हातांत त्या कशा, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. आता तिनं आठवून बघितलं. वांगी होती, पप्पा होते. धुराचा वास गेला होता.

दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून एकटीच वजन विभागात गेली.

"साहेब, वजन देऊन दिवस ठेवता येतात का?"

भिरूडसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "नाही. निव्वळ वजन आपल्याकडे चालत नाही. पूर्वी एकदोघांनी प्रयत्न केला, बेरीज जुळली नाही."

"मग थांबवता येतं?"

"थांबवता येतं. खाणं सैल सोडा, चालू नका, राहील तुमच्याकडे. डॉक्टरांचं काय म्हणणं?"

"त्यांची हरकत नाही. दोन्हीला."

"मग तो तुमचा घरचा प्रश्न," ते म्हणाले. "कुणाचं आहे ते?"

"आईचं."

मोजणीच्या वेळी भांडणारे भाऊ निकालासाठी जसे तिच्याकडे बघायचे, तसे भिरूडसाहेब तिच्याकडे बघत राहिले.

घरी आल्यावर आई म्हणाली, "तू ठेव. मला सवय आहे नसण्याची. तुझ्याजवळ त्यांचं तेवढंच आहे."

चार दिवस संज्योत पाटाकडे गेली नाही. पेढेही खाल्ले नाहीत. त्या चार दिवसांत तिनं आईकडे नुसतं बघितलं. आई दुसरी भाकरी मागून घेत होती. भाजीवालीशी बोलताना "आमच्या ह्यांना मेथी आवडायची" असं म्हणाली आणि ते वाक्य ऐकायला स्वतःच थांबली. मग घाईनं पुढे काही आठवतंय का ते बघू लागली, आणि पुढे काही नव्हतं. पिशवी हातात धरून ती गाडीसमोर तशीच उभी राहिली. भाजीवालीनं दोनदा विचारलं, "ताई, अजून काय देऊ?"

त्या संध्याकाळी संज्योत पोटभर जेवली, बूट घातले आणि पाटाकडे निघाली.

आता काय चाललंय हे तिला माहीत होतं, त्यामुळे प्रत्येक फेरीत ती काय जातंय ते बघत चालायची. आधी काड्यांचा तडतड आवाज गेला. मग पुरी गेली, मग थंडी. एका संध्याकाळी बांगड्या गेल्या. पप्पांचा चेहरा सगळ्यात शेवटपर्यंत राहिला. पुलाजवळ ती थांबली, कठड्याला धरून तिनं तो एकदा नीट बघून घेतला, आणि मग परत फिरली. घरापर्यंत येताना ती रडत होती. दारात आली तेव्हा आपण का रडत होतो हे तिला माहीत होतं, पण ज्याच्यासाठी रडत होतो तो चेहरा दिसत नव्हता.

महिनाअखेर दोघी काट्यावर उभ्या राहिल्या. भिरूडसाहेबांनी बेरीज केली, पुन्हा एकदा केली आणि विचारलं, "बंद करायचं?"

"बंद करा," संज्योत म्हणाली.

घरी येऊन आईनं भरीत केलं. पुऱ्या तळल्या, संज्योतसाठी भाकरीही टाकली. दोघी जेवायला बसल्या. पहिला घास घेतल्यावर आई थांबली आणि तिच्या डोळ्यांपुढे काहीतरी उभं राहिलं असावं, कारण ती तिकडेच बघत राहिली.

"सांग," संज्योत म्हणाली.

"शेतात होतो आम्ही. भरिताला. धूर झाला होता नुसता." आई सावकाश बोलत होती, एकेक गोष्ट हातात घेऊन बघावी तशी. "तुझे पप्पा सालं काढत होते. बोटं भाजली की शिव्या द्यायचे वांग्याला. मग मला म्हणाले, आ कर."

"मग?"

"मी म्हटलं, लोकं बघतायत. ते म्हणाले, बघू देत."

संज्योत ऐकत होती. दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट ऐकावी तशी, लक्ष देऊन.

"आणि तू मला चिकटून बसली होतीस," आई म्हणाली. "डोळे चोळत."

संज्योतचा हात थांबला. "मी होते?"

"होतीस की. पाच-सहा वर्षांची. घास माझ्या तोंडापाशी आला आणि तू मध्येच तोंड घातलंस."

"मग?"

"मग काय," आई म्हणाली, "तूच खाल्लास तो."