भिंतीची दाढी करणारे मोरे

मोरे भिंतीची दाढी करत असत. भोक पाडायच्या जागी आधी पेन्सिलीची फुली, मग दाढीच्या ब्रशानं गोल गोल फेस, मग त्या फेसात ड्रिल. धूळ उडायच्या आधीच फेसात रुतायची. उरलीसुरली पडायला खाली चिकटपट्टीनं डकवलेली कागदाची पन्हळ. पंखा बंद, दाराच्या फटीत ओलं फडकं. शेवटी फरशीवर बोट फिरवायचं, ते उजेडात धरून बघायचं आणि म्हणायचं, "आवाजाला पुरावा नसतो, कांबळे. धुळीला असतो."

आवाजाचं खरंच होतं. आमच्या कर्वेनगरात तेव्हा एकेक बंगला पाडून इमारती उठत होत्या. कुठलं ड्रिल कुणाचं, हे देवालाही सांगता आलं नसतं.

मोरे हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होते. दुसऱ्याच्या चुका शोधायचा पगार घेतो, असं सांगायचे. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते आणि वहिनी भाड्यानं राहायचे. आमचा फ्लॅट वडिलांनी एसटीच्या नोकरीवर घेतलेला, दारावर ठळक अक्षरांत 'कांबळे', आणि आत माझ्या खासगीकरणाविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे. पन्हळीसाठी मोरे तीच मागून न्यायचे. "मजकूर मला झेपत नाही, पण कागद घडी छान धरतो," म्हणायचे. मला संताप यायचा. शिकला-सवरलेला माणूस, आणि क्रांतीचा उपयोग धूळ झेलायला.

हळूहळू इमारतीतली सगळी भोकं मोरेंकडे आली. गीझर, पडद्यांचे दांडे, देव्हारे. बंदी होती ती फक्त त्यांच्या स्वतःच्या घरात. करार अकरा महिन्यांचा आणि भिंतीला खिळासुद्धा मारायचा नाही, असं त्यात कलम. घरमालक तळमजल्यावर राहत. मोरेंनी विचारून पाहिलं, तर म्हणाले, "भिंत आमची आहे. आपलं काय ते जमिनीवर मांडा." मग त्यांनीच आपला देव्हारा मोरेंकडून बसवून घेतला आणि चहा पाजला. चांगल्या कपातून.

एका रविवारी मोरेंनी मला स्टूल धरायला बोलावलं. वहिनींनी स्वयंपाकघरात मिक्सर लावला, यांनी आतल्या खोलीत फेस लावला. भोक झालं, बोट उजेडात बघून झालं, मग पलंगाखालून चादरीत गुंडाळलेली तसबीर निघाली. निळा कोट, गोल चष्मा, हातात जाड पुस्तक. नाव सांगायची गरज नाही. आमच्याही घरात आहे, पण दार उघडलं की पहिली तीच दिसते.

मी मोरेंकडे बघतच राहिलो. माझाही समज मालकांसारखाच होता. घर देताना मालकांनी "मोरे म्हणजे..." एवढं विचारलं आणि पुढचं स्वतःच पुरं केलं, "साताऱ्याकडचे मराठे असाल." मोरे म्हणाले, साताऱ्याकडचेच.

"खोटं कुठे बोललो? अर्ध्या प्रश्नाचं उत्तर दिलं," मोरे मला म्हणाले.

आधीच्या घरी त्यांच्याकडून उंबऱ्यावर धूळ सांडली होती. घरमालकीण भोक बघायला आत आली आणि तिनं भोक सोडून तसबीर बघितली. आठवड्याभरात तिच्या भावाचं लग्न ठरलं, त्याला घर लागणार होतं. भाऊ अजून बिनलग्नाचा आहे.

मी पेटलो. हे मुकाट्यानं सोसायचं नाही, उद्याच पत्रक काढतो, म्हटलं. मोरे शांतपणे ब्रश धूत होते. "पत्रक तुम्ही काढाल. घरातून मला काढतील."

उन्हाळ्यात त्यांच्या आईचे गुडघे गेले. गावी एकटीला ठेवणं शक्य नव्हतं. इथं आणावं, तर ती जिन्यात भेटेल त्याला जय भीम घालणार, मालकांना सगळ्यात आधी. चार दिवस नुसतं नमस्कार म्हणायला सांगून बघू, असं वहिनी म्हणाल्या. मोरे म्हणाले, "भिंतीला गप्प करता येतं. आईला कसं सांगू?"

त्यांनी येरवड्यापलीकडे, आपल्या लोकांत घर घेतलं. कंपनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

जायच्या दिवशी भोकात पांढरं सिमेंट भरलेलं, वर रंगाचा हात. मालकांनी भिंतीवरून तळवा फिरवला आणि खूश झाले. "इथं कोणी राहून गेलं असं वाटतच नाही. आपल्यातली माणसं असली की असं असतं."

"हो ना," मोरे म्हणाले.

टेम्पो भरला. मोरे पुन्हा वर आले, मला वाटलं काही राहिलं असेल. मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या जागी नवे लोक काय लावतात, तेवढं कळवाल? उगाच आपलं. सकाळचं ऊन यायचं तिथं."

नवे लोक महिन्याभरात आले. त्यांनी तिथं शोभेचा बुद्ध लावला, धड नसलेला नुसता चेहरा, आतून दिवा लागणारा. भोक पाडायला माणूस मालकांनीच पाठवला. धूळ जिना उतरून तळमजल्यापर्यंत गेली. मालक कामवाल्या बाईंना म्हणाले, जरा झाडून घ्या.

परवा मोरेंनीच फोन करून विचारलं. मी म्हटलं, ती जागा अजून मोकळीच आहे.

"मग बरं," मोरे म्हणाले, आणि सकाळचं ऊन अजून तिथंच येतं का, ते विचारलं.