हलका इवाई

सन एकोणीसशे अडतीस. त्या साली सौंदडच्या दुलीचंद पाटलांचं पोट उतरलं आणि त्यापायी त्यांच्या लेकीची, प्रेमिलाची, ठरलेली सोयरीक मोडायची वेळ आली.

आधी दुलीचंद बैलगाडीत चढले की बैल मागे वळून बघायचे. ओट्यावर चढतानाही त्यांना धाप लागायची. गोंदियाच्या केवळराम वैद्यांनी कडू काढा दिला, तांदळाचा भात बंद करून कोदो हे भरड धान्य खायला लावलं आणि पहाटे तलावाच्या पाळीवरून फेरी मारायला सांगितलं. वर्षभरात माणूस निम्मा झाला.

"आता सोडू का जी काढा?" दुलीचंदांनी विचारलं.

"वजन कोनीबी उतरवते. टिकवणंच कठीण," वैद्य म्हणाले. "काढा, कोदो अन् चालणं, यातलं एकबी सोडलं का दिवाळीले पोट पहिल्या जाग्यावर."

दुलीचंदांनी काहीच सोडलं नाही. पण धानाच्या आमच्या मुलखात कोदो शिजायचं ते घरात धान नसलेल्याच्या चुलीवर. त्यात पाटील पायी फिरतात, म्हणजे बैल विकले. अंग झडलं, म्हणजे काळजीनं खाल्लं. ही बातमी आगगाडीत बसली आणि अर्जुनीला, दुलीचंदांच्या होणाऱ्या इवायाकडे, म्हणजे प्रेमिलाच्या सासऱ्याकडे, खेमराजांकडे उतरेपर्यंत दुलीचंदांची शेतीही गेली होती. "साक्षगंधाच्या आधी एकदा भेटून जातो," असा खेमराजांचा निरोप आला.

दुलीचंदांची बायको जमुनाबाई घाबरली. "अजी, पाहुणे येईतो पोटभर भात खा. थोडे तरी भरून या."

"चार दिवसांत भरलं ते उतरवाले साल लागते. मी नाई खात."

"पोरीची सोयरीक मोडली तं?"

"अन् मी मेलो तं?"

शेवटी खायचं नाही पण नेसायचं, असं ठरलं. जमुनाबाईनं जाडजूड वाकळ त्यांच्या पोटाला गुंडाळली, वरून धोतर आवळलं आणि जुना कोट चढवला. मग दूर उभी राहून म्हणाली, "आता कसे माझे पहिलेचे दिसून राहिले!"

भर वैशाखात खेमराज आणि त्यांची बायको सुमित्राबाई आले. खेमराज स्वतः धानाच्या पोत्यासारखे. दुलीचंदांचं पोट पाहून त्यांचा चेहरा खुलला. "लोक कायबी बोलतेत जी! इवाई तं चांगले भरले हायेत."

ताटं वाढली. दुलीचंदांनी भाताला हात लावला नाही. "मले आज एकादशी."

"एकादशी तं परवाच झाली," सुमित्राबाई म्हणाल्या.

"मांगं एक राहिली होती, ते करून राहिलो."

घामानं कोट ओला झाला. "इवाई, कोट काढा ना. काऊन असे शिजून राहिले?" खेमराज म्हणाले.

"सवय हाय जी."

निघताना इवायांनी एकमेकांना कवेत घेऊन उचलायचं, ही त्यांच्यातली गमतीची रीत. जमुनाबाई "अजी, ह्यायची कंबर धरली हाय" म्हणेपर्यंत खेमराजांनी पाय रोवून सगळा जोर लावला. वाटलं होतं तेवढं वजन निघालंच नाही. दुलीचंद थेट वर गेले, त्यांचं डोकं ओट्यावरच्या वाशाला लागलं आणि दोघंही अंगणात कोसळले. धोतर सुटलं. वाकळ उलगडत उलगडत तुळशीपर्यंत गेली.

खेमराज धूळ झटकत उठले. "म्हंजे खरंच हाय. घरात खाले नाई. सोयरीक मोडली समजा."

दाराआड प्रेमिलानं तोंडात पदर कोंबला. दुलीचंदांनी एका हातानं धोतर धरलं, दुसऱ्या हातानं खेमराजांना ओढत नेलं. ढोलीचं झाकण काढलं. धान काठोकाठ. गोठ्यात नेलं. बैल रवंथ करत होते.

"मंग कोदो कायले खाता? पायी कायले फिरता?"

"जीव वाचवाले! हे पोट मले मारून राहिलं होतं. मोठ्या मुश्किलीनं काढलं, आता येऊ देत नाई. तुमाले जाडा इवाईच पायजे असल तं दुसरं घर पहा. मी नाई फुगत!"

जमुनाबाईनं कपाळाला हात लावला. गोठ्यापर्यंत जाऊन येण्यातच खेमराज दमले आणि ओट्यावर बसून भात्यासारखे फुसफुसत होते. सुमित्राबाईंनी आपल्या नवऱ्याकडे पाहिलं, मग न दमलेल्या दुलीचंदांकडे पाहिलं.

"सोयरीक पक्की," त्या म्हणाल्या. "पोरीले तेवढा काढा कराले शिकवून पाठवा."

प्रेमिला अर्जुनीला गेली आणि तिनं सासऱ्याला कोदोवर आणलं. खेमराज निम्मे झाले, तेव्हा "सून सासऱ्याले उपाशी मारते" अशी हाकाटी उठली. ती खोडायला ते घरोघर पायी हिंडले, त्यात आणखी उतरले. एका लग्नसराईत त्यांनी सगळं सोडलं आणि होते तसे फुगले. पुन्हा सुरू केलं, ते मग सोडलं नाही. सुमित्राबाई सुनेबद्दल कुणाला वाईट बोलू देत नसत. केवळराम वैद्यांनी आपला काढा स्वतः कधी चाखला नाही, फार कडू आहे म्हणायचे. जमुनाबाई त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पाण्याच्या आधी सांगायची, "आमच्या घरी धान हाय जी."

आणि दुलीचंद? सत्तेचाळीस साली शाळेसमोर झेंडा लागला, पेढे वाटले गेले. त्यांनी एक खाल्ला. दुसरा पुढे केला तर म्हणाले, "एका देशाले एक पुरे." आणि संध्याकाळी तलावाच्या पाळीवरून एक फेरी जास्त मारली.