तार आली, वहिनी

नवी नवरी असताना मी माझ्या बाबांना जिवंतपणीच रडून घेतलं आहे. ते अकोल्याला आजारी होते, आणि इथं जबलपूरला भिंतीपलीकडून शेजारचे नाना ओरडले, "वहिनी, तार आली." मी दारातच बसकण मारली आणि असा गळा काढला की सगळी गल्ली गोळा झाली. समोरची मिश्राइन तर खिचडी घेऊन आली. नाना हातात पाकीट धरून थिजले होते. तार आली होती त्यांच्या व्हायोलिनची, कलकत्त्याहून. अक्कल माझी तेवढीच. रडणं आवरल्यावर मी ती खिचडीही खाल्ली.

नानांनी मात्र तारेची जन्माची धास्ती घेतली. आता ते ऐंशीला टेकले, फॅक्टरीतून कधीच रिटायर झाले, लग्न काही केलं नाही. अजूनही मला काही सांगायचं असलं की आधी हात वर करतात, "कोणी गेलं नाही, वहिनी." मग पुढचं, की गॅसवाला आला आहे. सदऱ्याच्या खिशात जास्तीची एक तार कायम गुंडाळलेली. बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात भाजी आणायला जातानाही.

"भेंडी घेताना कशी तुटंल, नाना?"

"सांगता येते का."

माझी नात इरा आणि तिचे तिघं दोस्त मिळून गाणी बसवतात. गिटार, बासरी, माणसाएवढा चेलो, सगळं बिनविजेचं. इरा एका लाकडी खोक्यावर बसते आणि तेच बडवते.

"हे काय गं?"

"काहोन, आजी."

"काहून काय? मीच तर विचारून राहिली." आमच्या अकोल्याकडं 'का'ला 'काहून' म्हणतात.

त्यांना व्हायोलिन हवं होतं, नाना मिळाले. पहिला जाहीर कार्यक्रम शनिवारी, आणि सोमवारी नानांचं नागपूरला हृदयाचं ऑपरेशन. हे फक्त मला ठाऊक; पोरांना सांगायचं नाही, अशी ताकीद. ऑपरेशनचं नाव काढलं की नाना तारेवर येत. "स्टेजवर तुटली तर, वहिनी?" म्हणत खिशातली तार चाचपत. मी थट्टा करायची. पण पहाटे भिंतीपलीकडून त्यांचा खोकला आला नाही की उठून बसायची.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये मी पहिल्या रांगेत होते. माइक नव्हता, त्यामुळे नानांचा श्वासही ऐकू येत होता, आणि मी गाणं सोडून तोच ऐकत होते. तिसऱ्या गाण्यात टण्ण झालं. नाना छातीकडे हात नेऊन वाकले.

केस पिकले, पण अक्कल नवरीचीच. "नाना गेले हो" म्हणून असा गळा काढला की बासरी थांबली, इरा खोक्यावरून उठली.

नाना खिशातली तार काढत होते. त्यांनी हात वर करून अख्ख्या हॉलला सांगितलं, "कोणी गेलं नाही." लोक हसले. नानांनी तार चढवली, खुंटी पिळली, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून झालं. या वेळी मी गाणंच ऐकलं.

परतताना ऑटोत मी पदरात तोंड लपवून बसले. गल्लीशी उतरल्यावर नानांनी व्हायोलिनची पेटी माझ्या हाती दिली, सांभाळायला. नेहमीसारखा हात वर केला नाही. म्हणाले,

"माझ्याकडं रडणारं दुसरं कोणी नाही. सोमवारी काही कमीजास्त झालं तर आजच्यासारखंच रडजा, वहिनी. मोठ्यानं."