उसना द्यायचा बैल

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी लोक बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात. सिंदी मेघेतले आमचे शेजारी शामकाका त्याच संध्याकाळी कॉम्प्युटरच्या डब्याला हळदीचं बोट लावत आणि दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी देत. बटण बंद, वर झेंडूची माळ. मी विज्ञानाचा मास्तर. मला हसू आवरायचं नाही.

काका मूळचे तळेगावचे. भाजीपाल्याची शेती भावाकडे सोपवून त्यांनी इथे बियाण्यांचं दुकान टाकलं होतं. मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि तिचा कॉम्प्युटर दुकानात येऊन बसला. मग त्यांनी पेपरात वाचलं, की शास्त्रज्ञ आपली अवाढव्य गणितं तुकडे करून इंटरनेटवरून लोकांच्या घरी धाडतात आणि रिकामे कॉम्प्युटर ती फुकटात सोडवून देतात. काका हरखलेच. मोकळा बैल गरजवंताला द्यायचा, त्यात काय एवढं! पण गरजवंत ढीगभर निघाले. कोणी आकाशातले आवाज तपासत होतं, कोणी भल्यामोठ्या मूळ संख्या शोधत होतं, कोणी रोगांच्या अभ्यासासाठी प्रथिनांच्या घड्या मोजत होतं. प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं, आणि काकांच्या म्हाताऱ्या मशीनला झेपणार एकच.

"मास्तर, बैल रिकामा हाय म्हून कोणालेही द्याचा काय? माणूस पाहा लागते."

मग प्रत्येक सॉफ्टवेअर महिनाभर बोलीवर, आधी वापरून पाहायचं आणि मग ठरवायचं. मूळ संख्यावाल्याने डबा इतका तापवला, की काकांनी हात लावून पाहिला आणि त्याला त्याच दिवशी हाकललं. बैलाला दम खाऊ देत नाही म्हणे. खरी परीक्षा भारनियमनाची. दुपारी लाइन जायची. परत आल्यावर सोडलेल्या जागेपासून काम सुरू झालं तर पास. घड्यावाला दर वेळी पहिल्यापासून सुरू करायचा, म्हणून तोही नापास. आकाशवाला सगळ्यात पुरून उरला. शिवाय त्याचे रंगीत पट्टे पडद्यावर असे सुंदर हलत, की गिऱ्हाईक वांग्याचं बी मागायचं विसरून बघत उभं राही. आकाशातून अजून कोणी बोललेलं नाही, हे काका रोज मला रस्त्यात थांबवून सांगत.

त्याच सुमारास काकांच्या घरी सुमनकाकूंचा हात थरथरू लागला. सावंगीच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. काकांनी मला एवढंच विचारलं, की त्या घड्यांच्या अभ्यासात ही बिमारी येते का.

येते, मी म्हणालो. पण तो घड्यावाला तर तुमच्याच परीक्षेत नापास झालाय. आणि अशा कामाचं औषध व्हायला कितीतरी वर्षं जातील, काकूंपर्यंत ते पोचायचं नाही. बोललो आणि लगेच वाटलं, जीभ जरा आवरायला हवी होती.

"मले मालूम हाय, मास्तर. कोणाच्या तरी घरची बरी होईन."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तळेगावला जाऊन भावाच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, एक इन्व्हर्टर विकत घेतला आणि त्याला ती जोडली. लाइन गेली तरी घड्यांचं काम थांबेना. भाऊ बिचारा पुढे कितीतरी दिवस ट्रॅक्टर ढकलून सुरू करत होता.

काकूंनी रंगीत पट्टे कुठे गेले म्हणून विचारलं, तर काका म्हणाले, पाहून पाहून कंटाळा आला. असलं धडधडीत खोटं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

मग काकूंनी चहा आणला. काकांच्या कपातला अर्धा चहा बशीत सांडला होता. काकांनी कपाला हातही न लावता आधी बशी उचलली, आणि चहा बशीतच खरा लागतो, असं मला ठणकावून सांगितलं.