सुट्टीवर आलेलं बेट

माघ महिन्यात एक ग्रीक बेट सुट्टी काढून आमच्या गावच्या खाडीत आलं.

सकाळी मासे उतरवायला गेलेल्या लोकांनी ते आधी पाहिलं. खाडीच्या तोंडाशी, रापणीची जाळी ओढतात त्याच्या थोडं अलीकडे ते उभं होतं. पांढरी घरं, निळी दारं, सगळ्यात वर एक निळा घुमट आणि एक बकरी. घरांत माणसं नव्हती. ती शेजारच्या बेटावर नातेवाइकांकडे राहायला गेली होती, असं नंतर कळलं. बकरी कुणाच्याच मालकीची नसल्यामुळे तिला कुणी नेलं नव्हतं.

सरपंच रेवतीताई मेतर होडीने जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "जाळ्यांच्या आड येताय. जरा बाजूला सरकता येईल का?"

"कुठपर्यंत?" बेटाने विचारलं.

"त्या वाकड्या माडाच्या रेषेत."

बेट सरकलं. बकरी जरा डगमगली.

बेटाला मराठी येत होतं. पुण्याची पुष्कळ जोडपी लग्नाआधीचे फोटो काढायला त्याच्याकडे जातात, त्यांच्याकडून ते शिकलं होतं. त्यामुळे त्याचं बोलणं स्वच्छ होतं आणि थोडं टोचायचं.

ग्रामपंचायतीत लगेच बैठक झाली. नोंद जमीन म्हणून करायची की पाहुणा म्हणून, एवढाच प्रश्न होता. जमीन म्हटली की तलाठी आला, तलाठी आला की मोजणी आली. पाहुणा म्हटला की नुसता चहा. एकमताने पाहुणा ठरला. चहाचं पातेलं होडीतून नेऊन बेटाच्या खालच्या पायरीवर ओतलं.

"चहा बरा आहे," बेट म्हणालं. "साखर जास्त आहे. बरं, इथे करण्यासारखं काय काय आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्याचं कारण असं की हा प्रश्न आमच्या घराचा धंदा आहे. माझा मोठा भाऊ संजोग पर्यटकांना होडीतून फिरवायचा. डॉल्फिन, खाडी, मावळता सूर्य, परत. किनाऱ्यावर उतरलेला माणूस डोळ्यांवरचा गॉगल वर करून विचारायचा, इथे करण्यासारखं काय आहे, आणि दादा सांगायचा. मी सातवीतून शाळा सोडली ती त्याच्या होडीत नांगर टाकायला. दादा दिवाळीच्या आधी काविळीने गेला. त्याबद्दल मला जास्त काही सांगायचं नाही. होडी तेव्हापासून वाळूतच होती. त्याचं नारिंगी लाइफ जॅकेट मी रोज उन्हात टाकायचो, ओलं नसलं तरी.

दादाने होडीत एका जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलं होतं. पांढरी घरं, निळे दरवाजे. गिऱ्हाईक उतरलं की पाय लांब करून तो त्या पानाकडे बघायचा आणि म्हणायचा, "गुण्या, एक दिवस मी हयसर जातलंय. कोणाक काय एक दाखवूचंय नाय. नुसतो बसान ऱ्हवतलंय." पानावरचं बेट हेच का, ते मी या बेटाला कधी विचारलं नाही. सगळी सारखीच दिसतात असा अर्थ त्यातून निघाला असता.

दादाच्या दहाव्याला कावळा शिवेना. पिंड वाळूत मांडलेला आणि कावळा दादाच्याच होडीच्या काठावर बसून समुद्राकडे बघत होता. आई म्हणाली, गुण्या माका सांभाळतलो. कावळा हलला नाही. तात्या गावकर म्हणजे आमच्या देवळातले मानकरी, ते म्हणाले, गुण्याचा लगीन आम्ही करून देतलंव. कावळ्याने पंख साफ केला. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. मला तिथे काय झालं ते सांगता येत नाही, पण मी उठलो आणि ओरडलो, "मेल्या, तुका ग्रीसाक जावचा असा काय? न्हेतंय तुका ग्रीसाक. बेटावर सुट्टी काढून बस. पण आता जेव."

कावळा खाली उतरला आणि सगळं जेवला. वडासुद्धा सोडला नाही.

म्हणजे शब्द सगळ्या गावासमोर दिला गेला होता आणि समोरच्याने तो मान्य केला होता. ग्रीस कुठे ते मला माहीत नव्हतं. गोव्याच्या पुढे असावं असा माझा अंदाज होता. तात्यांनी चौकशी केली आणि म्हणाले, बराच पुढे. आईने त्या दिवसापासून मासे सोडले. दादा तिकडे जाऊन बसेपर्यंत ती मासा तोंडात घालणार नव्हती. बाजारात सगळ्यांना बांगडा विकायची आणि घरी येऊन डाळ-भात खायची.

त्यामुळे बेटाने तो प्रश्न विचारला तेव्हा मी उत्तर दिलंच नाही. कपड्यांसकट पाण्यात उडी मारली, पोहत गेलो आणि पायऱ्या चढायला लागलो.

"खाली उतरा," बेट म्हणालं.

"जरा बसूक दे."

"सगळे जराच म्हणतात. मी सुट्टीवर आहे. सुट्टीत मी पर्यटक घेत नाही."

मी आणखी एक पायरी चढलो. बकरीने मला ढकललं आणि मी परत पाण्यात पडलो.

दुपारी देवळात पुन्हा बैठक झाली. रेवतीताईंचं म्हणणं पडलं की बेटाची बाजू कायद्याने बरोबर आहे. शाळेला सुट्टी असली की आपण शाळेत जाऊन बसत नाही. गावाने एवढंच करावं की पाहुण्याची नीट सोय ठेवावी, मग पुढे काय ते बघता येईल. मला सांगण्यात आलं की होडी काढ आणि बेटाला फिरव.

"तेका कसा फिरवूचा? ता बेट असा," मी म्हणालो.

"तू पुढे जा, ता मागून येतला," तात्या म्हणाले.

मी दादाची होडी पाण्यात लोटली. इंजिन पहिल्या दोरीला सुरू झालं, त्याचाही मला राग आला. मी पुढे आणि बेट मागे, असे आम्ही डॉल्फिन बघायला गेलो. डॉल्फिन आले आणि बेटाभोवती फिरायला लागले.

"यांना काही द्यायचं असतं का?" बेटाने हळू आवाजात विचारलं.

"नाय. नुसता बघूचा."

"कधीपर्यंत?"

"लोक ओरडतत. मग आम्ही परत फिरतंव."

बेटाने ओरडून पाहिलं. किनाऱ्यावरच्या माडांचे नारळ पडले. रेवतीताईंनी संध्याकाळी येऊन कळवलं की ओरडणं ऐच्छिक आहे.

त्यानंतर आम्ही सूर्यास्त पाहिला.

"माझा सूर्यास्त प्रसिद्ध आहे," बेट म्हणालं. "पण मी पाहिलेला नाही. लोक माझ्यावर उभे राहून बघतात. मला त्यांच्या चपला दिसतात."

"आता बघलंस?"

"हो. चांगला असतो."

मग त्याला फोटो हवा होता. त्याच्या प्रत्येक फोटोत पुढे कोणीतरी हात पसरून उभं असतं, अशी त्याची तक्रार होती. मी होडीतून त्याचा एकट्याचा फोटो काढला. त्याने बकरीलाही मागच्या बाजूला जायला सांगितलं. फोटो दाखवल्यावर म्हणालं, "डावीकडून मला एवढा उतार आहे हे माहीत नव्हतं." पण खूश होतं.

रविवारी तात्यांनी त्याच्यासाठी देवाला गाऱ्हाणं घातलं. बाहेरून कोणीही गावात आलं की त्याला देवाच्या ओटीत घालायचं अशी आमच्याकडे रीत आहे. तात्या खाडीच्या काठावर उभे राहिले, नारळ हातात धरला आणि म्हणाले, "बा म्हाराजा, आज ह्या लेकरू सात समुद्र ओलांडून तुझ्या पायाकडे इला. तेका सुखरूप ठेव. तेच्या पायऱ्यांका तडो जाव नको. तेच्या बकरेक चारो मिळांदे."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

"होय महाराजा," बेट म्हणालं. शुद्ध आणि सगळ्यांच्या मागून.

गाऱ्हाणं झालं की माणूस परका राहत नाही. बायका खाडीवर धुणं धुताना त्याला हाका मारायला लागल्या. काय रे, नाश्तो झालो? घावणे खातंस? बेट म्हणायचं, दुपारी एक ते चार मी कोणाशी बोलत नाही. त्या म्हणायच्या, मेल्या, तू पुण्यात शिकलंस ता दिसता.

बेटाची रजा संपत आली. जायच्या दिवशी सकाळी गावाने त्याच्यासोबत द्यायच्या वस्तू काठावर आणल्या. मुंबईला परत निघालेल्या माणसाला देतो तेच सगळं. कोकम, कुळीथ पीठ, नारळ, सुके मासे, खाजं. आई टोपली घेऊन माझ्या होडीत बसली. मी होडी पायरीला लावली. मी मान वर केली नाही, कारण वर बघितलं असतं तर पुन्हा उडी मारली असती.

आईने टोपली पायरीवर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, एक विचारू?"

"विचारा."

"माझ्या झिलाक तुझ्यावर जरा बसान ऱ्हवाचा असा."

"त्याला मी सांगितलंय. सुट्टीत पर्यटक घेत नाही."

"ह्यो न्हय," आई म्हणाली. "मोठो. तो गेलो."

बेटाने विचारलं, "ते काय करायचे?"

आईने टोपली आणखी आत सरकवली. मग मी म्हणालो, "तो लोकांका फिरवायचो. डॉल्फिन दाखवायचो. सूर्यास्त दाखवायचो."

"ते स्वतः बघायचे का?"

"नाय. तो इंजिनाकडे बघायचो. सूर्य तेच्या पाठीक असायचो."

"म्हणजे ते पर्यटक नाहीत," बेट म्हणालं. "आमच्याच धंद्यातले आहेत. मग आधी का नाही सांगितलंत? धंद्यातल्या माणसाला मी सुट्टीतही घेतो. कधी येतायत?"

मी मागे वळून पाहिलं. कावळा होडीच्या काठावर बसला होता. कुठून चढला ते मी पाहिलं नव्हतं. तो उडाला, घरांच्या वरून एक फेरी मारली आणि घुमटाखालच्या पांढऱ्या ओट्यावर बसला. समुद्राकडे तोंड करून. बकरीने त्याला ढकललं नाही.

"सामान काही?" बेटाने विचारलं.

मी नारिंगी जॅकेट अंगात घालून आलो होतो. ते काढायला मला वेळ लागला. बक्कल अडकलं नव्हतं, तरी लागला. कोणी घाई केली नाही. शेवटी ते काढून मी पायरीवर, कोकमाच्या बाटलीशेजारी ठेवलं.

"तेका काय काम सांगू नको," मी म्हणालो.

"नाही सांगणार."

"लोक तेका विचारतले, हयसर करण्यासारखा काय असा म्हणून."

"मी सांगेन, ते सुट्टीवर आहेत."

बेट निघालं. वाकड्या माडाच्या रेषेतून बाहेर पडताना त्याने रापणीची जाळी आठवणीने चुकवली. आम्ही ते लहान होईपर्यंत बघत होतो. घुमटाखाली काळा ठिपका होता तो हलला नाही. घरी आल्यावर आईने बांगडा तळला आणि डोक्यासकट खाल्ला. मला म्हणाली, "काय बघतंस? तुझो थंड होतलो."

गावात आता कावळा नाही. येत्या पितृपक्षात काय करायचं, असं तात्या मला विचारतात. मी सांगतो, सुट्टी संपली की येईल.

मी होडी चालवतो. लोक गॉगल वर करून विचारतात, इथे करण्यासारखं काय आहे. मी डॉल्फिन दाखवतो, सूर्यास्त दाखवतो आणि परत येताना बेट उभं होतं ती जागा दाखवतो. तिथे पाणी आहे. लोक फोटो काढतात. पुढे कोणी उभं राहू नका, असं मी सांगतो आणि ते बाजूला होतात.